राक्षस, सोंग आणि मराठी समीक्षा

१

मराठी समीक्षेत 'खेळ' हा शब्द गेली काही दशके मोठ्या प्रतिष्ठेने वावरतो आहे. चिन्हांचा खेळ, अर्थाचा खेळ, संहितेच्या पृष्ठभागावरचा खेळ, असे शब्दप्रयोग नसलेला सैद्धान्तिक लेख आता विरळाच. मात्र जो खरोखर खेळला जातो, ज्याला नियम असतात, ज्यात हार-जीत असते आणि ज्यात आपले विद्यार्थी रात्रीच्या रात्री घालवतात, त्या खेळाविषयी हीच समीक्षा अवाक्षर काढीत नाही. खेळ ही संकल्पना तिला चालते. खेळ ही वस्तू चालत नाही.

व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे बोलले जात नाही असे नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांच्यासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले, तेव्हा गुंतवणूक आणि रोजगार यांची चर्चा झाली. एका बाजूला व्यसन, दुसऱ्या बाजूला उद्योग. पालक, पोलीस, मंत्री आणि उद्योजक या सर्वांना खेळाविषयी मत आहे. मत नाही ते फक्त ज्यांचा व्यवसायच अर्थ लावण्याचा आहे त्यांना.

हे मौन निरुपद्रवी नाही. अलीकडे एका विद्यार्थिनीने विनोदी, अद्भुतरम्य रोल-प्लेइंग गेमवर संशोधनाचा प्रस्ताव एका विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवला. तो नाकारताना तीन आक्षेप घेण्यात आले. हा खेळ आहे, साहित्य नव्हे. यात विनोद आहे, म्हणून संशोधनास लागणारे गांभीर्य नाही. आणि हे सर्व इंग्रजीत आहे, म्हणून मराठी विभागाचा त्याच्याशी संबंध नाही. समितीतील सदस्य व्यासंगी होते. म्हणूनच हे आक्षेप व्यक्तींचे न मानता आपल्या समीक्षेच्या वृत्तीचे मानले पाहिजेत आणि त्यांचा परामर्श जाहीरपणे घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा दावा असा की, हे तिन्ही आक्षेप ज्या परंपरेच्या नावाने घेतले जातात तीच परंपरा त्यांना खोडून काढते.

२

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. खेळाडूने योद्धा, जादूगार वा धर्मगुरू यांपैकी एक भूमिका घ्यायची, गुहांत उतरायचे, राक्षस मारायचे, त्याबद्दल अनुभवाचे गुण मिळवायचे आणि वरच्या पातळीवर जायचे, ही त्याची रचना. पुढे ती संगणकावर आली. कथानके बदलली, चित्रे देखणी झाली, पण हा मूळ हिशेब फारसा बदलला नाही. या हिशेबात राक्षसाला नाव नसते, घर नसते, आणि त्याच्या मरणाला गुणांपलीकडे किंमत नसते.

विनोदी भूमिकाखेळ निर्माण झाले ते या हिशेबाची टर उडवण्यासाठी. २००३ मध्ये आलेल्या 'किंगडम ऑफ लोदिंग' या खेळात पात्रे काड्यांच्या आकृत्यांची आहेत आणि चलन म्हणून मांस वापरले जाते. वीरकथेचा सगळा थाट तेथे पोरांच्या वहीतल्या रेघोट्यांवर येतो. असे खेळ बहुधा मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाबाहेर, एक-दोन माणसांच्या हातून घडतात. त्यांना 'इंडी' म्हणतात. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण येथे उपयोगी पडते. मोठ्या कंपन्यांचे खेळ ज्या वैभवावर उभे असतात ते वैभव या खेळांना परवडत नाही. त्यामुळे त्यांना भाषेवर, प्रसंगावर आणि थट्टेवर उभे राहावे लागते.

या वर्गातील सर्वांत चर्चिला गेलेला खेळ म्हणजे टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल'. २०१३ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीतून ५१,१२४ डॉलर जमले आणि १५ सप्टेंबर २०१५ रोजी तो प्रसिद्ध झाला. फार पूर्वी माणसे आणि राक्षस यांच्यात युद्ध झाले. माणसे जिंकली आणि त्यांनी राक्षसांना जादूच्या अडसरामागे भूमीखाली कोंडले. माणसाचे एक मूल डोंगरावरून या भूगर्भात पडते. ते मूल म्हणजे खेळाडू. वाटेत राक्षस आडवा आला की चार पर्याय समोर येतात: लढावे, काही कृती करावी, जवळची वस्तू वापरावी किंवा दया दाखवावी. एक कुत्रा असा की जितके कुरवाळावे तितकी त्याची मान लांब होत जाते. दोन भाऊ असलेले सांगाडे आहेत. त्यांची नावे संगणकावरील अक्षरवळणांची आहेत आणि ते त्याच वळणांत बोलतात. धाकट्याला माणूस पकडून नाव कमवायचे आहे, पण त्याचे बरेचसे बळ कोडी रचण्यात आणि शेवया शिजवण्यात खर्च होते.

खेळाडू हसत राहतो. हसता हसता त्याने कुणाला मारले, कुणाला सोडले, याची नोंद मात्र होत राहते. अखेरीस थोरला सांगाडा त्याला सांगतो की, ज्याला तो 'एक्सपी' म्हणजे अनुभवाचे गुण समजत होता ते वधाचे गुण आहेत, आणि ज्याला तो प्रगतीची पातळी समजत होता ती हिंसेची पातळी आहे. एका संक्षेपाची फोड बदलते आणि १९७४ पासून चालत आलेला हिशेब उघडा पडतो. हा श्लेष आहे. पण श्लेषाने एवढे काम केलेले आपल्या अलीकडच्या किती कवितांत दाखवता येईल?

३

आता पहिला आक्षेप. हा खेळ आहे, साहित्य नव्हे. या आक्षेपामागे एक गृहीतक आहे: साहित्यात वाचक अर्थ लावतो, खेळात खेळाडू फक्त कृती करतो. पण आपले विद्यार्थी खेळाविषयी कसे बोलतात हे कान देऊन ऐकावे. 'नायक मेला' असे कुणी म्हणत नाही. 'मी मेलो' असे म्हणतात, आणि लगेच 'परत सुरू करतो' असे म्हणतात. 'कोसला'चे निवेदन प्रथमपुरुषी आहे. तरी पांडुरंग सांगवीकर गावी परतला म्हणून 'मी गावी परतलो' असे कुणी वाचक म्हणत नाही. निवेदकाचा 'मी' आणि खेळाडूचा 'मी' यांच्यातील हा फरक व्याकरणात उमटलेला आहे, आणि आपले कथनमीमांसक त्याची दखल घेत नाहीत.

'अंडरटेल'मधील एक प्रसंग या 'मी'चे स्वरूप स्पष्ट करतो. आरंभी एक मातृवत् राक्षसीण मुलाला आसरा देते आणि पुढे त्याला बाहेर जाऊ देण्यास नकार देते. दया दाखवण्याचा मार्ग चटकन सापडत नाही, म्हणून पुष्कळ खेळाडू तिला मारतात, हळहळतात, जुन्या नोंदीवर परत जातात आणि या वेळी तिला जिवंत ठेवतात. संगणकाच्या दृष्टीने आता काहीच घडलेले नाही. पण पुढे भेटणारे एक फूल, जे या जगाचे खलपात्र आहे, खेळाडूला हिणवते: तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. वाचनातील रिक्त जागा वाचक भरतो हे इझरने सांगितले. वाचकाने त्या जागा कशा भरल्या हे लक्षात ठेवणारी कादंबरी मात्र अद्याप लिहिली गेलेली नाही. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ मध्ये अशा संहितांसाठी वेगळी परिभाषा घडवली आणि सौविक मुखर्जी यांनी २०१५ मध्ये खेळ आणि कथन यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला. त्यांचे वाचन करणे हे आपले काम आहेच. परंतु येथे आपल्याला उसनवारीचीही फारशी गरज नाही.

छत्रपती संभाजीनगराहून तासा-दीड तासाच्या वाटेवर पैठण आहे. तेथे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. जोशी, वासुदेव, गोंधळी, संन्यासी, फकीर, महार अशी सोंगे त्यांत आहेत. हमामा, हुतुतू, फुगडी, पिंगा असे खेळही आहेत. खेळ हा त्यांच्यासाठी दृष्टान्त तर होताच, पण रचनेचा आकृतिबंधही होता. सोंगी भारूड सादर करणारा 'त्याला विंचू चावला' असे सांगत नाही. तो स्वतःच तळमळतो, लोळण घेतो, ओरडतो. प्रेक्षक हसतात. मग कळते की हा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि हसणाऱ्यालाही तो कधीच डसलेला आहे. हसू फिरून हसणाऱ्यावर येते. नाट्यशास्त्रात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. जो स्वतः हसतो त्याचे हास्य आत्मस्थ, जो इतरांना हसवतो त्याचे परस्थ. या भेदाचा आपण परीक्षेतील टिपेपलीकडे उपयोग केला नाही. सोंगात हे दोन्ही भेद एकाच देहात येतात, कारण जो हसतो तोच हास्याचा विषय ठरतो. विनोदी भूमिकाखेळाचे व्यवच्छेदक लक्षण नेमके हेच आहे.

साम्य दाखवताना भेदही नोंदवला पाहिजे. भारूड गावासमोर होते. त्यातील दोषाचा भार सगळे मिळून उचलतात आणि शेवटी सद्गुरूचा वा नामाचा उपाय हाती येतो. खेळाडू एकटा असतो. त्याच्या दोषाची नोंद यंत्राच्या स्मृतीत राहते आणि तेथे परमार्थाचे आश्वासन नाही. हा भेद सांस्कृतिक इतिहासाचा मोठा विषय आहे. पण तो विषय मांडण्यासाठी आधी दोन्ही वस्तू एका टेबलावर ठेवाव्या लागतात. संतसाहित्य एका पेपरात, लोकनाट्य दुसऱ्या पेपरात आणि खेळ पेपराबाहेर, अशी वाटणी असताना ते घडणार कसे?

४

दुसरा आक्षेप गांभीर्याचा. विनोदाची हेटाळणी करणारा समीक्षक महाराष्ट्रात असावा, याचे नवल वाटत नाही, कारण त्याच्या मनातील हेटाळणी प्रत्यक्षात अद्भुताची असते. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. कादंबरीच्या इतिहासात या कृतींना आपण बाल्यावस्थेचे स्थान दिले आणि हरिभाऊ आपट्यांपासून कादंबरी वयात आली असे शिकवीत राहिलो. वास्तव म्हणजे प्रौढत्व आणि अद्भुत म्हणजे पोरवय, हे समीकरण इतके रुजले की, अद्भुताची चिकित्सा अद्भुताच्याच भाषेत, हसत हसत करता येते, ही शक्यता आपल्या सिद्धान्तात शिल्लकच राहिली नाही.

वास्तविक या शक्यतेचा सर्वांत तेजस्वी मराठी नमुना १८७३ चा आहे. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडीबा अवतारकथांची एकेक गाठ सोडवत जातात. मासा, कासव, डुक्कर यांच्या कथा ते लौकिक प्रश्नांच्या उजेडात ठेवतात आणि त्या कथांचा हास्यास्पदपणा आपोआप उघडा होतो. 'राक्षस' या शब्दामागे त्यांना 'रक्षक' दिसतो: जे भूमीचे राखणदार होते त्यांनाच जेत्यांनी राक्षस म्हटले. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करील की नाही हा प्रश्न येथे दुय्यम आहे. फुल्यांनी विचारलेला प्रश्न असा की, राक्षस कुणी ठरवले आणि त्यांना मारण्याचे श्रेय कुणाच्या खाती जमा झाले? युद्धात हरलेल्यांना भूमीखाली कोंडून वर त्यांनाच राक्षस म्हणणारे 'अंडरटेल'मधील जग हाच प्रश्न विनोदाच्या वाटेने विचारते. येथे प्रभावाचा दावा नाही. टोबी फॉक्स यांनी फुले वाचले असतील असे कुणी समजू नये. दावा एवढाच की, हा खेळ वाचण्यास लागणारी दृष्टी मराठीत दीडशे वर्षांपासून आहे. ज्या विभागात 'गुलामगिरी' अभ्यासाला लावली जाते त्या विभागाने हास्य आणि गांभीर्य परस्परविरोधी मानावेत, ही विसंगतीच खरी विनोदी आहे.

५

तिसरा आक्षेप भाषेचा. या आक्षेपाला पैठणचीच एक कथा उत्तर देते. 'कथासरित्सागरा'त सांगितल्याप्रमाणे राजा सातवाहन जलक्रीडा करीत असता राणीने त्याला पाण्याने मारू नका अशी संस्कृतात विनवणी केली. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी न उमगल्याने राजाने मोदक मागवले, आणि राणी हसली. लज्जित राजाला व्याकरण किती काळात शिकवता येईल यावर गुणाढ्य आणि शर्ववर्मा यांची पैज लागली. गुणाढ्य हरला, संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांना मुकला आणि त्याने 'बृहत्कथा' पैशाचीत रचली. पिशाचांची भाषा म्हणून दरबाराने ती झिडकारली, तेव्हा पशुपक्ष्यांना ऐकवत त्याने एकेक पान अग्नीत टाकले. उरला तो सातवा भाग. भारतीय अद्भुतकथेच्या या महाकोशाच्या जन्मकथेत आरंभी एक भाषिक विनोद आहे आणि शेवटी भाषेच्या नावाखाली दिलेला नकार. आपल्या समित्यांनी यांपैकी फक्त शेवटचा प्रसंग पाठ केला आहे, आणि तोही दरबाराच्या बाजूने.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्या निमित्ताने सातवाहनांचे आणि 'गाथासप्तशती'चे स्मरण सर्वत्र झाले. अभिजात भाषेची खरी कसोटी मात्र ती नवे वाङ्मयप्रकार पचवू शकते का ही आहे. समजा, 'अंडरटेल' मराठीत आणायचा आहे. पहिल्याच शब्दाला अडचण: 'मॉन्स्टर' म्हणजे राक्षस, दैत्य, असुर की भूत? 'राक्षस' म्हटले की फुले सोबत येतात, 'असुर' म्हटले की बळीराजा येतो, 'भूत' म्हटले की एकनाथांचे भारूड येते. अक्षरवळणांची नावे असलेल्या सांगाड्यांचे काय करावे? ज्यांनी मराठीत टंकलेखन केले आहे त्यांना कृतिदेव नावाचा सांगाडा लगेच ओळखू येईल; दुसऱ्या संगणकावर गेला की तो रोमन लिपीत असंबद्ध बडबडू लागेल. 'एक्सपी'च्या श्लेषाला मराठीत कोणता संक्षेप पेलेल? या खेळाचे जपानी भाषांतर २०१७ मध्ये झाले. असे प्रश्न तेथे कुणीतरी सोडवले. भाषांतरविद्येचा पेपर शिकवणाऱ्या आपल्या विभागांना यापेक्षा चांगला स्वाध्याय सापडणार नाही. मूळ इंग्रजीत आहे हे ज्यांना अडते त्यांनी इझर, बाख्तिन आणि बार्थ कोणत्या मराठीत लिहीत होते तेही सांगावे.

६

येथवरच्या विवेचनातून खेळांचा गौरव करणाऱ्यांना आनंद होण्याचे कारण नाही. नव्या माध्यमाचे स्वागत म्हणजे समीक्षा नव्हे. 'डिजिटल' हे विशेषण लावले की चर्चासत्राला अनुदान मिळते, आणि मग खेळातील स्वातंत्र्य, सहभाग, सर्जनशीलता यांचे गोडवे गायले जातात. खेळ ही संहिता मानायची तर तिच्या मूल्यव्यवस्थेशी भांडलेही पाहिजे. 'अंडरटेल'शी मराठी समीक्षेचे भांडण कोणते असू शकते, हे पाहू.

या खेळाचे सर्वोच्च मूल्य दया हे आहे. कुणालाही न मारता पुढे गेल्यास राक्षसांना कोंडणारा अडसर अखेर तुटतो. पण हे घडते कशावर? वरून आलेल्या माणसाच्या मुलाने, म्हणजे जेत्यांच्या वंशजाने, सदाचरणी राहण्यावर. कोंडलेल्यांच्या मुक्तीचा इतिहास कोंडणाऱ्यांच्या अंतःकरणशुद्धीचा इतिहास होऊन बसतो. राक्षस विनोदी आहेत, प्रेमळ आहेत, क्षमाशील आहेत. थोडक्यात, दया करण्यास योग्य आहेत. ते अप्रिय आणि संतप्त असते तरी त्यांचा हक्क तेवढाच राहिला असता, हे खेळ ठामपणे सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात, जेथून प्रा. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले, तेथे शिकलेल्या विद्यार्थ्याला दया आणि न्याय यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. सोंग कोण घेतो आणि कुणाचे घेतो, हा प्रश्नही याच परंपरेने शिकवला. एकनाथांनी महाराच्या तोंडी जोहार घातला त्यातील करुणा मान्य करूनही, ज्याचे सोंग घेतले गेले त्याच्या स्वतःच्या वाणीचे काय, असे विचारता येते. हाच प्रश्न पडद्यावर वंश आणि वर्ग निवडणाऱ्या प्रत्येक भूमिकाखेळाला विचारला पाहिजे.

हे भांडण मराठीतून, आणि तेही मराठवाड्यातून, जितक्या अधिकाराने करता येईल तितके इतरत्र क्वचितच करता येईल. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे भारूड, आत्मस्थ हास्याची संकल्पना, 'गुलामगिरी' आणि दलित समीक्षा, आपल्या अभ्यासक्रमात आधीपासून आहेत. नाही ती फक्त त्यांना एकत्र आणण्याची इच्छा. नाकारलेल्या प्रस्तावातून जे हरवले ते एका विद्यार्थिनीच्या पदवीपुरते नाही. एक पिढी कथा, श्लेष, अपराध आणि दया यांचे पहिले गंभीर अनुभव पडद्यावर घेते आहे, आणि त्या अनुभवांविषयी मराठीत विचार करता येतो, हे तिला सांगणारे कुणी नाही. ती हा विचार इंग्रजीत करील, किंवा करणारच नाही. दोन्ही परिस्थितींत नुकसान खेळाचे होणार नाही. ते मराठी समीक्षेचे होईल. तेव्हा असा प्रस्ताव पुन्हा येईल तेव्हा समितीने त्या विद्यार्थिनीला हे साहित्य आहे काय असे विचारू नये. भारूड तू नीट वाचले आहेस काय, 'गुलामगिरी' वाचली आहेस काय, आणि खेळ शेवटपर्यंत खेळली आहेस काय, असे विचारावे. तिन्ही प्रश्नांना होकार देणारा अभ्यासक मिळणे अवघड आहे, आणि समितीतही तो असावा अशी अपेक्षा गैर ठरू नये.